मास्तरांचा रिकामा समुद्र

भटजींनी पुन्हा घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आणखी कोणाला काही बोलायचं असेल तर बोलून घ्या."

आम्हाला जे सुचत होतं ते सगळं बोलून झालं होतं.

माझी बायको द्रौपदी, तिचा तो दहावा होता. वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमची वाडी, अगदी समुद्राला लागून. आमच्याकडे दहाव्याचे पिंड वाळूतच ठेवतात. केळीच्या पानावर भाताचे पिंड ठेवले होते, वर दही आणि काळे तीळ घातले होते आणि आम्ही सगळे मागे सरकून उभे होतो. आता कावळ्यानं येऊन चोच लावायची आणि मग आम्ही घरी जायचं. कावळा येत नव्हता.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी मनात राहिलेलं असतं. ते घरच्यांनी ओळखायचं आणि पुरं करण्याचं वचन मोठ्यानं द्यायचं. मी या गोष्टी मानतो की नाही, हे मला तोपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी वाळूत उभं राहिल्यावर कळलं की विचारायची वेळ गेली होती.

सुरुवात तिचा भाऊ मोहन यानं केली. हात जोडून म्हणाला, "बाये, मी दारू सोडलंय."

आम्ही थांबलो. काही झालं नाही.

"खराच सोडलंय," मोहन म्हणाला. मग जरा वेळानं म्हणाला, "सणाक सोडून."

तिची धाकटी बहीण सुभद्रा कुडाळहून आली होती. ती पुढे झाली. "अक्का, तुझो कुकर माझ्याकडे आसा. तो मी परत देतंय." तरी कावळा आला नाही. कुकरही आला नाही, पण ते पुढचं.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तिचं जे काही राहिलं असेल ते माझ्याकडेच राहिलं असणार असा सगळ्यांचा समज होता. मी म्हटलं, "न्हाणीचा दार बसवतंय." ती त्याबद्दल बरीच वर्षं बोलत होती. मग बिडी सोडीन म्हटलं. मग मोहनशी पुन्हा भांडणार नाही म्हटलं. मोहनला ते आवडलं, कावळ्याला नाही. मग मला काही सुचेना. इतक्या वर्षांच्या संसारात बायको काय काय मागत होती ते आठवायला गेलो तर न्हाणीच्या दारापलीकडे काही आठवेना. ती मागायची नाही, स्वतःच करून टाकायची.

मोहन हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नवऱ्याक ठावक नाय, मगे कोणाक ठावक?"

भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करू. तोही चालतो शास्त्राला."

शास्त्राला चालत असेल. आमच्या वाडीत गवताचा कावळा एकदाच लावला होता, तुकाराम नाखव्याच्या दहाव्याला. त्याच्या बायकोला लोक ते अजून ऐकवतात. मी म्हटलं, "वायच थांबूया."

आता कावळे नव्हते असं नाही. किनाऱ्याच्या त्या टोकाला खडक आहेत, तिथं ओळीनं बसलेले दिसत होते. मोहन म्हणाला, "मी जाऊन हाकलून हय हाडतंय." भटजी म्हणाले, हाकलून आणलेला चालत नाही, त्याच्या मनानं आला पाहिजे. तिथंच खडकाजवळ काळी छत्री उघडून पळसुले मास्तर चित्र काढत बसले होते. त्या दिवशीही तो माणूस चित्र काढतो याचा मोहनला राग आला होता. मला आला नव्हता. ते रोजच काढायचे.

पळसुले मास्तर मूळचे सांगलीकडचे. शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. बायको आधीच गेलेली. निवृत्त झाल्यावर समुद्र काढायचा म्हणून आमच्या वाडीत आले आणि जाळी ठेवायची एक खोप भाड्यानं घेऊन राहिले. तेव्हाच म्हातारे होते, नंतर आणखी झाले. पाण्याच्या रंगात चित्र काढायचे. सकाळी खडकाजवळ बसायचे, कागद ओला करायचे आणि समुद्र काढायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा समुद्र. खोपीच्या सगळ्या भिंतींवर समुद्र होता. होड्या नाहीत, जाळी नाहीत, माणूस नाही. नुसतं पाणी आणि वर आभाळ.

द्रौपदी आमच्या घरासमोर वाळूत मासळी सुकवायची. जुन्या जाळ्यावर बांगडे पसरायचे, सुंगटं, म्हणजे कोळंबी, पसरायची आणि माडाखाली बसून राखण करायची. मी बर्फाच्या कारखान्यात कामाला. होड्या यायच्या वेळेला बर्फ तयार लागतो, त्यामुळे उजाडायच्या आत घरातून निघायचो आणि दुपारी परत यायचो. सकाळी किनाऱ्यावर काय चालायचं ते मला तिच्याकडूनच कळायचं, जेवताना. मास्तरांचं नवीन चित्र झालं की ती ते जाऊन बघून यायची, आणि त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला दोघांच्या आवाजात सांगायची.

"मास्तर, ह्या काय?"

"समुद्र."

"तां कळला. माणसां खंय?"

"समुद्रात माणसं कशाला, वहिनी?"

"मगे मासे कोण धरता? देव?"

मास्तर त्यावर ब्रश धुवायला लागायचे, असं ती सांगायची. एकदा तिनं त्यांना विचारलं, हा फेस इतका पांढरा कसा, कुठला रंग वापरता. मास्तर म्हणाले, रंग नाही, तिथं कागद कोरा आहे. या रंगात पांढरं काढायचं नसतं, सोडायचं असतं. तिनं मला भाताबरोबर हे सांगितलं आणि म्हणाली, "म्हणजे फेस फुकट." आणि आणखी एकदा त्यांच्या भिंतीवरचं सगळं बघून त्यांना म्हणाली होती, "तुमच्या दर्यार कोणाचा पोट चलणा नाय, मास्तर."

तर ते मास्तर त्या दिवशी खडकाजवळून उठले. छत्री मिटली, ब्रश खिशात ठेवला, पाण्याचा डबा हातात घेतला आणि वाळूतून सावकाश चालत आमच्याकडे आले. यायला वेळ लागला. आम्ही बघत होतो, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. येऊन त्यांनी डबा खाली ठेवला, चपला काढल्या, पिंडांना नमस्कार केला. मोहन त्यांच्याकडे बघत होता. मास्तरांनी मोहनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पानाकडे. आणि म्हणाले,

"वहिनी, पुढच्या चित्रात तुम्हाला घेतो."

कावळा आला. माझ्या खांद्यावरून गेला, पानापाशी उतरला, मान वाकडी करून बघितलं आणि मधल्या पिंडात चोच घातली. मग आणखी दोन-तीन आले.

"शिवला," भटजी म्हणाले.

मोहन रडायला लागला. सुभद्रानं विचारलं, "चित्रात घेतो म्हणजे काय?" मी पिंडाकडे बघत होतो. भातावर, जिथं चोच लागली होती तिथं, निळा डाग होता. भटजींनीही तो बघितला. म्हणाले, "शुभ आहे." कशावरून, ते सांगितलं नाही.

घरी आल्यावर ओटीवर चहा झाला. मोहन बशीत चहा ओतून म्हणाला, "भावजी, तो म्हातारो आमच्या बायचो कोण?"

"शेजारी."

"तेका कसा ठावक, तिका काय होया होता ता?"

"शेजारी आसा. येता-जाता बोलत असतली."

"शेजाऱ्याक ठावक," मोहन म्हणाला, "आणि तुम्ही तर घरातच होतास."

सुभद्रा त्याला गप्प बस म्हणाली. तो गप्प बसला. पण तो जे बोलला ते खरंच होतं. मी घरातच होतो. बायकोला चित्रात यायचं होतं हे मला माहीत नव्हतं. ती मला दोघांच्या आवाजात सगळं सांगायची, आणि हे एवढं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडकाकडे गेलो. कारखान्यातून तेरावा होईपर्यंत सुटी होती. मास्तर छत्रीखाली बसले होते आणि समोर कावळ्यांची सभा होती. मास्तर खिशातून टोस्ट काढून मोडत होते. एका कावळ्यानं तुकडा उचलला, मास्तरांच्या पायाशी असलेल्या पाण्याच्या डब्याकडे उड्या मारत गेला, तुकडा त्यात बुडवला, जरा धरून ठेवला आणि मऊ झाल्यावर खाल्ला. डब्यातलं पाणी निळं होतं. कावळ्याची चोच पण.

मी ते बराच वेळ बघितलं.

"बसा, तोरसकर," मास्तर म्हणाले.

"हे तुम्ही रोज करता?"

"टोस्ट हल्लीच. वहिनी हॉस्पिटलात गेल्यापासून. यांना आवडत नाहीत. कडक लागतात, म्हणून माझ्या पाण्यात बुडवतात. आभाळाचा रंग सगळा खराब होतो."

"आणि आधी?"

"आधी भाकरी असायची."

"कोणाची?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "वहिनींची. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत होतं आणि नव्हतंही. ती रोज एक भाकरी जास्त करायची. मी लग्नानंतर लवकरच कधीतरी विचारलं होतं, ही कोणाला. तेव्हा शेजारची म्हातारी होती, तिला जायची. म्हातारी गेल्यावरही भाकरी राहिलेली बघून पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "कावळ्याक." मला वाटलं, विचारू नका म्हणतेय. मी पुन्हा विचारलं नाही.

मास्तरांनी सांगितलं ते असं. मासळी सुकत घातली की कावळे येतात. एक माणूस राखणीला बसून सगळे कावळे हाकलू शकत नाही. म्हणून तिनं मास्तरांशी ठरवलं होतं. सकाळी एक भाकरी मास्तरांना आणून द्यायची, मास्तरांनी ती खडकाजवळ बसून थोडी थोडी कावळ्यांना घालायची, म्हणजे ते तिकडेच राहतात आणि बांगडे इकडे सुकतात. मास्तरांना कुठं जायचं नव्हतंच. अर्धी भाकरी ते स्वतः खायचे.

"ते तिला माहीत होतं?"

"अर्धी माझ्यासाठीच असायची. चटणी लावलेली."

मी म्हटलं, "म्हणजे काल कावळे येत नव्हते, कारण ते तुमच्यापाशी बसले होते."

"हो."

"आणि आले, कारण तुम्ही उठून आलात."

"मी उठलो की ते उठतात. डबा माझ्याकडे असतो ना."

"मग वचनाचं काय?"

मास्तर म्हणाले, "मी नमस्कार करायला आलो होतो. कावळ्यांचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिथं आल्यावर तुमचे मेहुणे असे बघत होते, की काहीतरी बोलणं भाग होतं. मग जे राहिलं होतं ते बोललो."

"तिनं सांगितलं होतं?"

"माणसं घाला, हे रोज सांगायच्या. मला घाला, असं एकदाच म्हणाल्या. शेवटची भाकरी द्यायला आल्या तेव्हा. बसत बसत आल्या होत्या, त्या दगडावर एकदा, त्या दगडावर एकदा. चित्र बघितलं आणि म्हणाल्या," इथं मास्तरांनी तिचा आवाज काढला, चांगला काढला, "‘कोण गावत नसात तर माका घाला. मी हयच आसंय.’"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हणालो."

कावळा पुन्हा येऊन टोस्ट बुडवून गेला. मास्तरांनी डबा उचलून पलीकडे ओतला आणि दुसरं पाणी घेतलं. मी उठलो. जाताना म्हटलं, "तुम्ही वचन पाळायलाच हवं असं काही नाही. कावळा टोस्टसाठी आला होता."

"ते मला आणि तुम्हाला माहीत," मास्तर म्हणाले. "वाडीसमोर मी काय बोललो ते वाडीला माहीत. आणि वहिनींना."

तेरावा झाला, पाहुणे गेले. मास्तर कामाला लागले, आणि तेव्हा मला कळलं की त्यांना माणूस काढता येत नाही.

त्यांनीच सांगितलं. शाळेत फुलदाणी काढायला शिकवायचे, पेरू, वांगं. स्मरणचित्रात बाजार आला तर माणसं पाठमोरी काढा असं मुलांना सांगायचे. स्वतः तेही टाळायचे. आणि आता हात कापत होता. "समुद्राला ते चालतं," ते म्हणाले, "उलट बरं दिसतं. माणसाच्या नाकाला चालत नाही."

पहिलं चित्र पाठमोरं काढलं. मला बोलावून दाखवलं. खाली वाळू, वर पाणी, मध्ये काहीतरी तपकिरी.

"ही आमची न्हाणीतली बादली," मी म्हटलं.

"त्या बसल्यात. हा पदर."

"मला ती कडी वाटली."

मग त्यांनी फोटो मागितला. द्रौपदीचा एकटीचा फोटो नव्हता. सुभद्राच्या लग्नातला एक होता, त्यात ती मागच्या रांगेत मोहनच्या शेजारी उभी होती. मास्तरांनी तो भिंग लावून बघितला आणि त्यावरून काढलं. ते बादलीपेक्षा पुष्कळ बरं होतं. डोळे होते, तोंड होतं.

"हा मोहन," मी म्हटलं.

"बहीणभावांत साम्य असतंच."

"मिशा आहेत, मास्तर."

"ती नाकाची सावली आहे."

दोघंही बराच वेळ त्या सावलीकडे बघत बसलो. मग मास्तरांनी कागद उलटा करून ठेवला. म्हणाले, "मला पाणी येतं, तोरसकर. मला सोडता येतं. काढता येत नाही." मी म्हटलं, राहू दे मग. ते म्हणाले, राहू दे कसं, वर्षश्राद्धाला काय सांगू. मी म्हटलं, कोणाला. ते म्हणाले, कावळ्याला.

काही दिवसांनी ते घरी आले आणि म्हणाले, "आधी मासळी तरी घालून बघू. पेरूसारखीच असते. तुम्ही बांगडे सुकत घाला."

मी कधी सुकत घातले नव्हते. बघितले मात्र आयुष्यभर होते. दुपारी कामावरून येताना बांगडे आणले, चिरले, साफ केले, मीठ भरून ठेवले आणि कारखान्याची सुटी होती त्या दिवशी सकाळी तिच्याच जाळ्यावर पसरले. माडाखाली तिची बसायची उपडी पाटी होती, तिथं बसलो. चहा करायला आत गेलो आणि बाहेर आलो तेव्हा कावळ्यांनी अर्धे बांगडे नेले होते आणि बाकीचे निवडत होते. मी काठी घेऊन धावलो. इकडचे हाकलले की तिकडचे उतरायचे. मास्तर खडकाजवळून बघत होते. मग चालत आले आणि म्हणाले, "माझ्याकडे आज एकही नाही. सगळे तुमच्याकडे."

"टोस्ट संपले?"

"आहेत. बांगडा असताना टोस्ट कोण खाईल?"

आम्ही दोघं ते मोडलेले बांगडे बघत उभे राहिलो. मास्तर म्हणाले, "भाकरी करावी लागेल."

तोपर्यंत मी शेजाऱ्यांच्या घरून येणारं जेवण जेवत होतो, नाहीतर नुसता भात करायचो. तांदळाचं पीठ घरात होतं, तिनंच दळून आणलेलं. मी पाणी उकळलं, पीठ घातलं, मळलं, थापलं. थापताना भाकरी हाताला चिकटून वर आली. दुसरी तव्यावर टाकली ती तव्याला चिकटली. तिसरी निघाली. ती मी फडक्यात बांधून मास्तरांना नेऊन दिली आणि परत येऊन पाटीवर बसलो. थोड्या वेळानं मास्तरांची हाक आली. मी गेलो.

"बघा," ते म्हणाले.

कावळा माझ्या भाकरीचा तुकडा घेऊन त्यांच्या डब्यात बुडवत होता.

मास्तर सभ्य माणूस, भाकरीला नाव ठेवलं नाही. मात्र आपली अर्धी त्यांनी तशीच ठेवली होती आणि चहा येण्याची वाट बघत होते.

मी रोज करायला लागलो. कामावर जायच्या आधी करून मास्तरांच्या खोपीच्या दारात टांगून जायचो. माझ्यासाठीही करायचो, कारण एकासाठी तवा तापवणं जिवावर येतं, आणि कावळ्यांसाठी तापवलाच आहे तर मग काय. शेजारणीनं एकदा डोकावून सांगितलं, पाणी जास्त उकळू नका, पीठ घालून झाकण ठेवा. मी झाकण ठेवायला लागलो. दिवाळीनंतरचे दिवस होते ते, थंडी संपली, उन्हाळा लागला. मध्ये मी न्हाणीचं दारही बसवून घेतलं. एका सकाळी, माझ्या सुटीच्या दिवशी, मास्तरांनी पुन्हा हाक मारली. मी धावत गेलो, वाटलं पडले की काय.

"गप्प उभे राहा," ते म्हणाले.

कावळ्यानं भाकरी उचलली, डब्याकडे बघितलं, आणि तशीच खाल्ली. दुसऱ्यानंही तशीच. डब्यातलं पाणी स्वच्छ होतं.

मास्तर म्हणाले, "चटणी लावली असती तर चाललं असतं."

पुढच्या सुटीला त्यांनी चित्र काढायचं ठरवलं. बांगडे मी आदल्या दुपारीच मिठात घातले होते. सकाळी पसरले. मास्तर छत्री आणि सामान घेऊन आमच्या घरापाशी आले. म्हणाले, "आज मी इथं बसणार. तुम्ही खडकावर जा. भाकरी तुम्ही घाला."

"तुम्ही इथून काढणार?"

"वहिनी बसायच्या तिथून."

तिच्या पाटीवर त्यांना मी बसवलं. हात धरून बसवावं लागलं, पाटी बुटकी होती. मग मी भाकरी आणि चटणी घेऊन खडकावर जाऊन बसलो. कावळे माझ्याभोवती आले. मी थोडी थोडी घालत होतो. तिथून आमचं घर दिसतं, माड दिसतो, जाळ्यावरची मासळी चकाकताना दिसते. माडाखाली कोणीतरी बसलेलं आहे एवढं दिसतं, कोण ते कळत नाही. मी इतकी वर्षं या वाडीत राहिलो, पण सकाळी इथून तिकडे कधी बघितलं नव्हतं. सकाळी मी कारखान्यात असायचो. अर्धी भाकरी मी खाल्ली.

ऊन वर आल्यावर मास्तरांनी छत्री हलवली. मी गेलो. चित्र अजून ओलं होतं, गुडघ्यावर आडवं धरलं होतं.

समुद्र होता, नेहमीचाच. फेसाच्या जागी कागद कोरा सोडला होता. पण अलीकडे वाळू होती आणि वाळूवर जाळं आणि जाळ्यावर बांगडे. बांगडे चांगले आले होते, भूक लागावी असे. द्रौपदी कुठंच नव्हती. बादली नव्हती, मोहनही नव्हता.

"ती कुठे?" मी विचारलं.

मास्तर म्हणाले, "आधी मासळी बघा. कशी आहे?"

"चांगली आहे."

"उघडी आहे ना? वर काही झाकलेलं नाही. मग कावळा का नाही एकही?"

"कावळे माझ्याकडे होते, मास्तर."

"ते तुम्हाला माहीत. चित्र बघणाऱ्याला काय दिसतं? एवढी मासळी उघडी पडलीय आणि कावळा जवळ येत नाही. का येत नाही?"

मी म्हटलं, "कोणीतरी राखणीला बसलंय."

"हां."

"कुठे?"

"कागदाच्या अलीकडे," मास्तर म्हणाले. "तुम्ही आता उभे आहात, साधारण तिथं."

मी आहे तिथंच उभा राहिलो. मग मला चित्राच्या एका टोकाला, खडकावर, एक ठिपका दिसला. ब्रशचं टोक टेकवून उचलावं एवढाच. त्याच्याभोवती आणखी बारीक काळे ठिपके.

"हे काय?"

"तुम्ही."

"मला कशाला घातलंत?"

"इथून दिसत होतात," मास्तर म्हणाले. "आणि माणूस घाला, असं त्यांचं म्हणणं होतंच. एवढ्या आकाराचं मला जमतं."

त्यांनी चित्र मला दिलं. मी विचारलं, सही करत नाही का. म्हणाले, हात कापतो, समुद्राला चालतं, सहीला चालत नाही. मी त्यांना पाटीवरून उठवलं आणि आम्ही चहा घेतला.

वर्षश्राद्धाला सगळे आले. मोहन आला, सणाचा दिवस नव्हता म्हणून प्यायला नव्हता. सुभद्रा कुकर घेऊन आली. वाळूत कावळ्याचं काही अडलं नाही. भटजींनी पान मांडायच्या आधीच तो भातावर येऊन बसला आणि त्यालाच जरा थांब म्हणून हाकलावं लागलं. भटजी मला म्हणाले, "समाधान आहे हो त्यांना." मी हो म्हटलं. मास्तरही आले होते. त्यांनी त्या वर्षी काही वचन दिलं नाही. त्यानंतर ते आणखी काही वर्षं होते. त्यांच्या समुद्रात माणूस पुन्हा आला नाही. भाकरी मी त्यांना शेवटपर्यंत दिली. कावळ्यांना अजून देतो.

जेवणाआधी सगळे घरात आले. भिंतीवर जिथं गेलेल्या माणसाचा फोटो लावतात तिथं मी ते चित्र लावलं होतं आणि त्याला अबोलीचा हार घातला होता. मोहननं लांबून बघितलं आणि म्हणाला, "बांगडे बरे आसत." सुभद्रा जवळ गेली. चष्मा लावला. वाळू बघितली, पाणी बघितलं, कोपरे बघितले. मागे सरून पुन्हा बघितलं.

"भावजी," ती म्हणाली, "ह्याच्यात अक्का खंय?"

मी म्हटलं, "सुभद्रा, वायच बाजूक हो."

"कित्या?"

"तू तिच्या जागेर उभी आसस."

ती सरकली, आणि डोक्यावरचा पदर नीट केला.